एकाच चुलीवरचे सूप

संग्रहालयाची मागची भिंत आणि सार्वजनिक बागेचे कुंपण यांच्यामध्ये जी चिंचोळी इमारत उभी होती, तिला दोन दरवाजे होते, आणि दोन्हींतून माणसे भुकेलीच येत. संग्रहालयाकडून येणारी भूक दबक्या पावलांची असे. काचेआडचे मृत सोने आणि जोडलेली मडकी बघून डोळे जड झालेली ती माणसे खुर्चीत अलगद बसत, कुजबुजत, आणि एका कपावर अख्खी दुपार काढत. बागेकडची भूक मात्र धावत येई. गुडघ्यांना माती, काखेत चेंडू, साखळीला हिसके देणारे कुत्रे, आणि टेबलाशी पोहोचण्याआधीच दिलेली ऑर्डर.

पहिल्या दालनावर थोरल्या जावेची सत्ता होती, दुसऱ्यावर धाकटीची. मध्ये स्वयंपाकघर, आणि त्यात एकच चूल. कारण दुसरे धुराडे काढायचे तर संग्रहालयाच्या भिंतीला भगदाड पाडावे लागले असते, आणि त्या भिंतीत खिळा ठोकायचीसुद्धा मुभा नव्हती. म्हणून वाटाण्याचे सूप दोन्ही दालनांसाठी एकाच पातेल्यात शिजे. ते थोरली करी. केक, पाव आणि पेये धाकटीकडे.

सासऱ्यांनी दुकान काढले तेव्हा एक शिस्त घालून दिली होती. ज्याने रांधले त्याने ते पास करायचे नाही. पातेले चुलीवरून उतरण्याआधी दुसऱ्या कोणी तरी चाखायचे आणि तोंडावर सांगायचे. रांधणाऱ्याची जीभ आपल्या हाताला लाचार असते, असे त्यांचे मत होते. सासरे गेले, पाठोपाठ काही वर्षांनी थोरलीचा नवरा गेला, पण शिस्त राहिली. रोज सकाळी साडेनऊला धाकटी चमचा घेऊन चुलीपाशी येई, पातेल्यात बुडवी, आणि बोले. दिवसभरात दोघींमध्ये तेवढेच काय ते बोलणे होई.

वैराचे मूळ एका खुर्चीत होते. थोरलीच्या नवऱ्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा धाकटीने त्याची उंच पाठीची खुर्ची आपल्या दालनात ओढून नेली आणि ओल्या कुत्र्यासह आलेल्या एका गिऱ्हाइकाला तीत बसवले. थोरली दारात उभी राहून बघत राहिली. धाकटी म्हणाली होती, रिकामीच तर होती. त्या तीन शब्दांना सहा वर्षे उलटली, तरी ते थोरलीच्या अंगात पहिल्या दिवसाइतकेच धारदार फिरत होते. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचे भावजी, या दोन दगडांमध्ये सापडलेला मऊ माणूस. पहाटे भाजी आणि दुधा-लोण्याचे खोके टाकून जो पसार होई, तो संध्याकाळी कुलूप लावायलाच उगवे. त्याच्या खिशात कापसाचे बोळे असतात आणि ते तो कानांत घालतो, असे गिऱ्हाइके हसून सांगत.

धाकटीच्या तोंडाला धार होती हे खरेच. सूप खारट झाले तर ती विचारी, "आज कुणाच्या नावाने रडत होतात पातेल्यात, जाऊबाई?" अळणी झाले तर म्हणे, "मीठ काय संग्रहालयात ठेवायला दिलंत?" वाटाणे कच्चे राहिले त्या दिवशी तिने एक वाटाणा ओट्यावर टाकून त्याचा आवाज ऐकवला होता.  थोरली पाणी घाली, किंवा मीठ, किंवा आच वाढवी, आणि मनात शिव्यांची माळ ओढत पळी फिरवी.

एका हिवाळ्यात थोरलीला ताप आला. तो नऊ दिवसांनी उतरला, आणि उतरताना तिची चव घेऊन गेला. पहिल्या सकाळी तिने कॉफीचा घोट घेतला तर तोंडात नुसती ऊब होती. रंग नसलेल्या चित्रासारखी, कुणी तरी पुसून टाकलेल्या पाटीसारखी. तिने लिंबू चोखले, मिरी चावली, मिठाचा खडा जिभेवर धरून बसली. खडा विरघळला, एवढेच कळले. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणारही नाही. तिने हे कुणाला सांगितले नाही. चव गेलेल्या स्वयंपाकिणीला लोक प्रेमाने खुर्ची देतात आणि पुढ्यात सोलायला कांदे ठेवतात, हे तिला ठाऊक होते.

तेव्हापासून तिच्या हाताची सारी अब्रू त्या वैरिणीच्या तोंडावर उभी होती. मीठ मुद्दाम बेताचे घालायचे, कारण कमी पडलेले वाढवता येते, जास्त झालेले काढता येत नाही. मग साडेनऊची वाट बघायची. धाकटीच्या भुवईची कमान, ओठाचा कोपरा, टोमण्याची दिशा. अपमानाच्या त्या नकाशावरून थोरली आपल्या सुपाची वाट काढी. कधी कधी धाकटी चमचा घेऊन यायला पाच मिनिटे उशीर करी आणि थोरलीचा जीव कासावीस होई. जिचे तोंड बघू नये तिच्याच तोंडाची अशी ओढ लागावी, या लाजेला तिच्याकडे शब्द नव्हता.

त्यानंतर वर्षभराने, वसंताच्या सुरुवातीला, संग्रहालयाने जाहीर केले की मागच्या अंगणात नवी चहाची खोली निघणार. तिला तिची स्वतःची चूल, स्वतःचे धुराडे, चाफ्याच्या झाडाखाली बारा टेबले. अर्ज दोघींनीही केले. थोरलीला ती खोली हवी होती ती टेबलांसाठी नव्हे. तिथे चुलीपलीकडे धाकटी नसेल, एवढ्यासाठी हवी होती. स्वतःची चूल मिळाली की परकी जीभ कुठून आणणार, हा विचार तिने पुढे ढकलला. बुडणारा माणूस किनाऱ्याचा विचार करतो, किनाऱ्यावर राहायचे कुठे याचा करत नाही.

समितीची तीन माणसे चव घ्यायला येणार होती, अकरा वाजता, थोरलीच्याच दालनात. दोघींनी एकेक पदार्थ द्यायचा. थोरली सूप देणार होती, धाकटी सफरचंदाचा केक.

त्या दिवशी साडेनऊला धाकटी आली. चमचा बुडवला, फुंकर घातली, चाखले. थोरली तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. भुवई हलली नाही. ओठाचा कोपरा जागचा ढळला नाही. धाकटीने चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "आज नेमकं झालंय, जाऊबाई. हात लावू नका."

सहा वर्षांत पहिल्यांदा.

ती गेल्यावर थोरली पातेल्यापाशी उभी राहिली. वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती, पण तिला कसलाच वास येत नव्हता; तोही चवीबरोबरच गेला होता. आपण रोजच्यासारखे मीठ हात राखून घातले आहे, हे तिला पक्के आठवत होते. रोज तेवढ्यावर अळणी म्हणून टोमणा मिळतो. आज, नेमके आज, नेमके झाले? आणि वर हात लावू नका? असा सल्ला ज्या तोंडातून आला त्या तोंडाने कधी तिचे भले चिंतले होते? धाकटीला खोली हवी आहे. अळणी सूप समितीपुढे जावे अशी तिची इच्छा असणारच. किती साधी खेळी, थोरलीला वाटले, आणि मला ती कळणार नाही असे समजली. तिने बरणी उघडली, मूठ भरली, पातेल्यात सोडली, आणि सावकाश, जवळजवळ आनंदाने, पळी फिरवली.

समितीत एक सचिवबाई होत्या, एक निवृत्त अधिकारी आणि एक तरुण वास्तुकार. निवृत्तांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि पाणी मागितले. थोडे थांबून पुन्हा पाणी मागितले. वास्तुकाराने वाटी किंचित बाजूला सरकवली, जणू तिच्याखाली काही शोधत होता. सचिवबाईंनी चमचा उलटा ठेवला आणि सूप हिरवेगार दिसते आहे असे कौतुक केले. मग तिघांनी केक खाल्ला. वास्तुकाराने बशीवरचा चुराही बोटाने टिपला.

ते गेल्यावर थोरली स्वयंपाकघरात आली. धाकटी साचे घासत होती.

"तू खरं सांगितलंस," थोरली म्हणाली.

"मी रोजच खरं सांगते." धाकटीने मान वर केली नाही. "सुपात घालायचं लोणी आज खारं आलं होतं. बिनमिठाचं संपलं म्हणून यांनी ते आणलं. पुडक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुमचं कमी मीठ त्यात बरोबर भरून निघालं."

"लोण्याचं तोंडाने सांगता आलं नाही?"

"हात लावू नका म्हटलं. आणखी कसं सांगतात?" आता तिने नळ बंद केला आणि हात पुसत वळली. "आणि तुम्ही हात लावणार हेही मला ठाऊक होतं. तुमची जीभ गेली, जाऊबाई. नासक्या दुधाची कॉफी माझ्यासमोर घोट घोट प्यालात, तेव्हाच कळलं. वर्ष झालं. वर्षभर तुमचं सूप मी करतेय, तुम्ही नुसती पळी फिरवताय."

थोरलीने ओट्याची कड धरली. तिने विचारले, हे कुणाला सांगितले का नाहीस.

"सांगितलं असतं तर लोकांनी तुमची कीव केली असती," धाकटी म्हणाली. "ते सुख मी तुम्हाला कशाला देऊ?"

आठ दिवसांनी पत्र आले. चहाची खोली धाकटीला मिळाली. भावजींनी एका संध्याकाळी बागेकडच्या दालनातली टेबले हलवली, उंच पाठीची खुर्चीही त्यांबरोबर गेली, आणि तो दरवाजा आतून बंद झाला. चूल आता एकट्या थोरलीची होती. तिला हवी होती तशी.

तिने भांडी घासणाऱ्या बाईला चाखायला लावून पाहिले. ती बाई भली होती. पहिल्या दिवशी छान म्हणाली, दुसऱ्या दिवशी छान म्हणाली, तिसऱ्या दिवशी थोरलीने मुद्दाम मीठच घातले नाही, तेव्हाही डोळे मिटून छान म्हणाली. आदराने वागणाऱ्या माणसांचा काही उपयोग नसतो, हे थोरलीला त्या दिवशी समजले. दालनातून अर्ध्या भरलेल्या वाट्या परत येऊ लागल्या. कुणी तक्रार केली नाही. संग्रहालयाची माणसे तक्रार करत नाहीत, ती दुसरीकडे जातात, आणि ती कुठे जात होती हे तिला खिडकीच्या काचेतून दिसत होते.

एका दुपारी तिने डब्यात सूप भरले, झाकण घट्ट केले आणि मागच्या अंगणात गेली. चाफा फुलला होता; त्याचाही वास तिला येत नव्हता. ती रांगेत उभी राहिली. पुढे दोन शिक्षिका होत्या, त्यांच्यापुढे नकाशा उलगडलेला एक म्हातारा. तिची पाळी आली. धाकटीने पांढरा अंगरखा घातला होता, केस जाळीत बांधले होते. तिच्या पाठीमागे नवी, चकचकीत चूल होती आणि चुलीवर पातेले. वाटाण्याचे सूप. फळ्यावर तसे लिहिलेही होते.

थोरलीने डबा काउंटरवर ठेवला. तिने झाकण उघडले.

धाकटीने डब्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. चमच्यांचा ग्लास हाताशीच होता. "बाहेरचे पदार्थ इथे चालत नाहीत," ती म्हणाली, गिऱ्हाइकाशी बोलावे तशा गोड, सपाट आवाजात. "तुम्हाला काय देऊ?"

ती 'जाऊबाई' म्हणाली नाही. तिथे कुठे तरी आत, खुर्चीच्या जखमेच्याही खाली, काही तरी तुटले आणि त्याचा आवाज झाला नाही. थोरलीने झाकण लावले.

"सूप दे," ती म्हणाली. "एक वाटी."

ती अंगणाच्या मधोमध बसली. बाराही टेबले भरली होती आणि कुजबुज पानांच्या सळसळीत मिसळत होती. तिने चमचा उचलला, फुंकर घातली, तोंडात घातला. ऊब. काही तरी दाट. त्याखेरीज शून्य. तिने भुवई वर केली. ओठाचा एक कोपरा खाली ओढला. ही मुद्रा तिने वर्षभर इतक्या बारकाईने वाचली होती की ती तिच्या चेहऱ्यावर आपली आपण उमटली.

"मीठ घालताना हात थरथरला वाटतं," ती बोलली. आवाज चढवला नाही. फक्त शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचेल इतका केला.

शिक्षिकांपैकी एकीने चमचा वाटेतच थांबवला. म्हाताऱ्याने नकाशावरून नजर उचलून आपल्या वाटीत पाहिले. धाकटीच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी होते. ही बाई साखर आणि वाळू यांतला फरक सांगू शकत नाही, हे त्या अंगणात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. तिने पुढच्या गिऱ्हाइकाला दोन कप भरून दिले. ओले फडके उचलले, काउंटर पुसला. पुन्हा पुसला.

मग ती वळली, ग्लासातून चमचा काढला आणि पातेल्यात बुडवला.

थोरली पाहत होती. चमचा ओठांशी गेला, थांबला, दुसऱ्यांदा बुडला. धाकटीची पाठ ताठ होती. तिसऱ्यांदा चाखून झाल्यावर तिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला, अर्ध्यात थबकला, पाण्याच्या तांब्याकडे वळला, आणि तिथेही थबकला.

थोरलीने उरलेले सूप सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकले. रिकामी वाटी स्वतः काउंटरवर नेऊन ठेवली, डबा काखेत मारला, आणि उद्या खोली किती वाजता उघडणार ते विचारले.