एका पानावरचं येणं-जाणं

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. "कागदावरचं मार पडताना आठवत न्हाई, तात्या," असं नासेर म्हणाला होता. मी मनात हसले. माझ्यावर लिहिलेलं कुणी विसरेलच कसं?

तातेराव पलटणीत भरती झाले तेव्हा कळमनुरीच्या बाजारात त्यांनी मला घेतलं. आखाडा बाळापूरचा नासेर त्यांचा जोडीदार. पुढं सिंगापूर पडलं आणि दोघं जपान्यांच्या कैदेत गेले. हुकूम कळला नाही की पाठीवर बांबू बसे. म्हणून तातेराव पेन्सिलीच्या तुकड्यानं माझ्यावर जपानी क्रियापदं लिहीत. मिरु म्हणजे आपण बघणं, मिएरु म्हणजे आपसूक दिसणं. माझ्यामुळं कितीतरी पाठी वाचल्या. कैदी मला हातोहात जपत.

अडलं ते येण्या-जाण्यापाशी. आपल्याला हाक आली की आपण "येतो" म्हणतो. जपानी माणूस तिथं "जातो" म्हणतो, इकिमासु. कुणी किमासु, म्हणजे "येतो" म्हटलं, की पहारेकऱ्याला ती चेष्टा वाटे.

"जातो कसं म्हणू?" नासेर म्हणे. "जातो म्हणलेला माघारी येत न्हाई. अम्मीनं शपथ घातलीय."

"अम्मी इथं ऐकून राहिली का? दात किती उरले ते मोज आधी."

नासेर "इकिमासु" घोकू लागला. पण एका दुपारी तो तापानं फणफणला होता. पहारेकऱ्याची हाक आली. सवयीनं तो बोलून गेला, "किमासु." बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. पुन्हा हाक. पुन्हा "किमासु." दस्ता कानशिलावर. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही.

तातेरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी त्यांच्या खिशात होते. त्या पानावर डाग आहे. त्याखाली दोन्ही शब्द अजून वाचता येतात.

सुटून आल्यावर त्यांनी मला ट्रंकेत कोंबलं. ते दर बाजारी बाळापूरला जात आणि नासेरच्या आईच्या दारावर हाक मारत. खुर्शीदबी आतून म्हणे, "आले रे." पोरगं कसं गेलं, हे मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शननंतर गावोगावी मुसलमानांची घरं पेटली. बाळापूरच्या वाटेवर एका टोळक्यानं तातेरावांना अडवलं.

"तिकडं काहून चालला?"

"म्हातारी एकटी हाय."

कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांचे दोन्ही गुडघे फोडले. आता ते उंबऱ्यापर्यंत सरपटत येतात आणि रस्त्याकडं बघत बसतात.

मित्रांनो, मला वाळवी लागली तर लागू द्या. पण तुमच्यापैकी कुणी बाळापूरला गेलं, तर खुर्शीदबीच्या दारावर हाक मारा. एका हाकेवर माघारी फिरू नका. तीनदा मारा, आणि "आले रे" ऐकू येईपर्यंत थांबा.