चढासाठी टायर

टायरवाला म्हणाला, “काका, ही पिकप म्हातारी झालीय. हिला एवढे मोठे टायर म्हणजे आजीबाईला फुटबॉलचे बूट.”

“तुला कुणी वय विचारलंय तिचं?” मी म्हटलं. “मोठे दाखव.”

मी सुतार माणूस. लाकूड वाहून वाहून पिकपची आणि माझी पाठ सारखीच गेलीय. तिच्या मापाचे टायर त्याच्याकडे ढिगानं होते, पण मला ते नको होते. माझ्या लेकीचं घर डोंगरावर आहे. लग्न होऊन ती तिकडं गेली, तेव्हापासून मी एकदाही तिच्या दारात गेलेलो नाही. विषय काढला की फोनवर म्हणायची, “बाबा, रस्ता फार वाईट आहे हो. तुमची पिकप खाली घासेल. जरा नीट होऊ दे, मग या.” भांडण नाही, तंटा नाही. तिची आई गेली तेव्हा ती दोन दिवस येऊन गेली. मग घरात मी आणि माझा रंधा. नात शाळेत जायला लागली, तरी मी तिला फोनच्या काचेतच बघितलेली. म्हटलं, रस्ता काही आपल्या हातात नाही, गाडी तरी उंच करू.

टायरवाल्यानं पुढचं चाक पूर्ण वळवलं आणि आत बोटं घालून जागा बघितली. “एक नंबर मोठा बसेल. दोन नंबर मोठा घातलात तर वळताना मडगार्डला घासणार. इंजिनालाही जड जाईल. आणि स्पीडचा काटा खोटं बोलेल, तुम्ही पळाल जास्त आणि तो दाखवेल कमी.”

“काटा केव्हाच मेलाय. पुढं बोल.”

तो हसला. “रस्ता कसला आहे? चिखल की दगड? त्यावर टायरच्या खाचा ठरवायच्या.”

आता आली का पंचाईत! मी कुठं बघितलाय रस्ता? पण लेकीनं इतक्यांदा सांगितलं होतं की तो मला तोंडपाठ होता. मी सांगत सुटलो. पहिल्या वळणावर डोक्याएवढे दगड, पुढं ओढा, त्यात अर्धं चाक बुडतं, आणि मग असा चढ की काचेतून नुसतं आभाळ दिसतं.

“काका, नेहमीचं जाणं दिसतंय तुमचं.”

“मग! लेक राहते ना तिथं,” मी म्हटलं. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

शेवटी एक नंबर मोठे, खोल खाचांचे टायर ठरले. स्टेपनीपण त्याच मापाची घेतली, मध्येच अडकायला नको. गाडी बोटभरच उंच झाली, पण मला वाटलं मी ट्रकमध्ये बसलोय. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. किती वर्षांनी, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नातीसाठी केलेलं टेबल मागं बांधलं आणि निघालो. फोन केला नाही. केला असता तर परत रस्त्याचं पुराण लागलं असतं. हमरस्त्यावर ते टायर असे घोंगावत होते की कान किटले. डोंगराखालच्या फाट्यावर एका दुकानाशी थांबलो आणि दुकानवालीला विचारलं, “ताई, वरचा तो खराब रस्ता कुठला हो?”

“हाच की समोरचा. पण आता कुठं खराब? चांगला झालाय.”

“कधी?”

“झाली असतील तीन-चार वर्षं.”

मला वाटलं, बाईची काहीतरी गल्लत होतेय. वर निघालो. वळण आलं, तिथं कठडा. ओढा आला, त्यावर पूल. चढ आला, तोही काळाभोर गुळगुळीत. सगळं लेकीनं सांगितलेल्याच क्रमानं. अंड्यांचे ट्रे बांधलेली एक स्कूटर मला मागं टाकून खुशाल वर गेली. मी गाडी कडेला घेतली. आधी टायरवाल्याला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचा काय दोष? मग मला रडूच आलं. माझ्या लेकीला मी नको होतो, आणि का नको होतो तेही मला ठाऊक नव्हतं. तिथं गाडी वळवायला भरपूर जागा होती. पण म्हटलं, आलोय तर तोंड बघून जाऊ.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. पिकप बघितली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “बाबा! तुम्ही… रस्ता…”

“काय रस्ता आहे गं!” मी उतरता उतरता म्हटलं. “हाडं खिळखिळी झाली. हे टायर घातले म्हणून पोचलो, नाहीतर खालीच बसलो असतो.”

तिनं टायरांकडं बघितलं. चिखलाचा एक ठिपका नव्हता. मग माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणत होतो, बोल बाई, भांड माझ्याशी, काहीतरी बोल.

“म्हणून तर मी नको म्हणत होते,” ती म्हणाली. “या, चहा टाकते. पण अंधार पडायच्या आत निघा हं बाबा. असल्या रस्त्यानं उतरायचं म्हणजे जिवाला घोर.”

“निघतो की,” मी म्हटलं.