टाकीत उरलेली हवा

"भिंतीला चिकटवू नको, सोमेश्वर. चार बोटं लांब ठेव. गरम झाल्यावर त्यालाबी वारा लागंल का न्हाई?"

कय्युममिस्त्री स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. सोमेश्वर आणि त्याचा जोडीदार घामाघूम होऊन कंप्रेसर मोरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकवत होते. खाली आडवी टाकी, वर मोटर आणि पट्टा, बाजूला हवेचा दाब दाखवणारा काटा. मिस्त्रींची बायको खतीजाबी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. आता धुण्याची बादली कुठे ठेवायची, हा प्रश्न तिला पडला होता. दुसराही एक पडला होता, पण तो ती बोलत नव्हती.

"चाचा, बारा वर्षं ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरली ह्यानं," सोमेश्वर म्हणाला. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. त्याने मोठा कंप्रेसर घेतला म्हणून हा जुना मोकळा झाला होता. "तुमच्या शिलाई मशिनीपुढं त्याला झोपच यील."

"झोपू दे. मी उठवत जाईन," मिस्त्री म्हणाले आणि एवढ्याशा हसण्यानेही त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सोमेश्वर खाली बघत नट आवळत राहिला.

शिरड शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत मिस्त्री चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करत आले होते. शिलाई मशिनीचा खरा रोग म्हणजे कचरा. कापडाची आणि धाग्याची लव तेलात मळून सुईखाली फिरणाऱ्या शटलच्या पोटात जाऊन बसते. तिथे बोट जात नाही, ब्रश पोचत नाही. तिथे पोचायची ती मिस्त्रींची फुंक. गाल फुगवून, डोळे मिटून ते अशी एक फुंक मारायचे की कचरा पलीकडून उडून बाहेर. चाळीस वर्षं त्यांनी ती लव उडवली आणि चाळीस वर्षं थोडी थोडी छातीत घेतली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात नळी दिली आणि जोरात फुंका म्हणाले. गावात परत आल्यावर मिस्त्री भेटेल त्याला सांगत होते, "मी म्हणलं, साहेब, फुंकूनच तर पोट भरलं आमी." नळीचा काटा कुठवर गेला ते मात्र कुणाला सांगितलं नाही. खतीजाबी तिथे शेजारी बसली होती, तिने पाहिलं होतं.

त्यांची आणखी एक फुंक होती, लहान. दुरुस्ती संपली, तेल घातलं, चिंधीवर टीप मारून झाली की ते सुईवर वाकायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि लेकराच्या डोळ्यातला कण काढावा तशी हलकी फुंक घालायचे. त्यांच्या आईच्या बोटातून एकदा सुई आरपार गेली होती, तेव्हापासूनची ही सवय. बायांनी तिचा नेमच करून टाकला. हिंदू असो की मुसलमान, ती फुंक पडल्याशिवाय कुणी मशीन उचलत नसे. मिस्त्री घाईत विसरले तर बाई चाकावर हात ठेवून तिथेच उभी. "चाचा, तुमचं ते ऱ्हायलं की."

आता मोठी फुंक संपली होती आणि लहान खोकल्यात बुडत होती. मशिनी येत, उघडल्या जात, आणि मिस्त्री त्यांच्याकडे नुसते बघत बसत. हा कंप्रेसर चालला तर ते मिस्त्री राहणार होते, नाही तर खाटेवरचे म्हातारे होणार होते. खतीजाबीचा न बोललेला प्रश्न हाच होता.

मोटरचा आवाज पुढच्या खोलीत नको म्हणून कंप्रेसर मागे ठेवला आणि तिथून लोखंडी पाईप भिंतीने टेबलापर्यंत आणायचं ठरलं. सोमेश्वर म्हणाला, डोळ्याच्या अंदाजाने ठोकून देतो. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा तिरपं खपवून न घेणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली, सुतळीला रंग लावून भिंतीवर रेघ मारली आणि वीस फूट पाईप असा बसवून घेतला की त्यावर गोटी ठेवली तर हलली नसती. मग एकेका जोडाला साबणाचा फेस लावला. एका ठिकाणी बुडबुडा आला, तो जोड पुन्हा आवळायला लावला. संध्याकाळी टाकी भरली तेव्हा काटा आठावर होता. सकाळी चहाच्या आधी मिस्त्री शेडमध्ये.

"खतीजा! इकडं ये, काटा बघ. जागचा हलला न्हाई."

"चांगलं झालं."

"चांगलं काय म्हणती? रातभर हवा कोंडून धरली त्यानं. माझ्या छातीला शिकव म्हणावं."

त्या आठवड्यात त्यांनी पाच मशिनी केल्या. तोंडाला खतीजाबीच्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधायचा आणि पाईपाच्या टोकाला लावलेल्या नळीचा खटका दाबायचा, की वर्षानुवर्षांची लव भस्सकन बाहेर. खतीजाबीला कितीतरी दिवसांनी पुढच्या खोलीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं.

नवव्या दिवशी गोजरबाई टोपलीत मशीनचं डोकं घेऊन आली. ती गावातल्या गोधड्या शिवायची.

"कय्युमभाऊ, राग मानू नका. पर माझी मशीन गंजून राहिली. धाग्याला तांबडं लागून राहिलं. पाणी शिरलं का काय तिच्या पोटात?"

मिस्त्रींनी पट्टी उघडली. शटलवर तांबडे ठिपके होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची मशीन अशी दुखणं घेऊन परत आली नव्हती. त्यांनी बाकीच्या चारही मागवून घेतल्या. त्यातल्या दोन तशाच निघाल्या. मग त्यांनी नळी स्वतःच्या तळहातावर धरली आणि खटका दाबला. हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार आले.

"सोमेश्वरला सांग, घिऊन जा म्हणावं तुझं हे," ते म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस पडून होते. दवाखान्यातून आले तेव्हाही ते असे पडले नव्हते, आणि खतीजाबी पहिल्यांदाच घाबरली.

सोमेश्वर आला तो कान धरूनच. "चुकी माझी हाय, चाचा. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. टाकीखालचा कॉक रोज सांजच्याला उघडून ते काढून टाकायचं. म्या सांगायचंच इसरलो. पर पाईपात बी पाणी काहून साचून राहिलं, ते काय कळंना."

खतीजाबी लोटा घेऊन मोरीकडे निघाली होती. ती थांबली आणि तिने पाईपाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"साचंल न्हाई तर काय करंल? उतार कुठं हाय त्याला? मोरी बांधली तवा गवंड्याला दोन बोटं उतार द्यायला लावला मी. तुमी तर पाईप तळ्यावानी सपाट ठिवला. मंग पाणी जावं कुठं?"

सोमेश्वरने कपाळावर हात मारला. खाटेवर मिस्त्रींनी कूस वळवली.

"तिरपा पाईप?" ते म्हणाले. "मिस्तरीच्या घरात? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल."

"दिसू द्या. गोजरबाईच्या मशिनीतला गंज दिसण्यापरीस बराय."

मिस्त्री उठून बसले. साचलेलं पाणी टाकीकडे परतून जावं म्हणून टेबलाकडचं टोक वर उचललं गेलं. भिंतीवरची सरळ रेघ तशीच राहिली आणि पाईप तिला सोडून वर चढला. पुढे कितीतरी दिवस मिस्त्री त्याच्याकडे पाठ करून बसत. गोजरबाईच्या मशिनीत त्यांनी नवं शटल बसवलं. ती न्यायला आली तेव्हा सवयीने चाकावर हात ठेवून थांबली. मिस्त्री सुईवर वाकले, बिस्मिल्ला म्हणाले, आणि अर्ध्या फुंकेवरच खोकला आला. खोकला थांबला तरी ते मान वर करेनात.

"पोचली भाऊ, पोचली," गोजरबाई म्हणाली आणि तिने मशीन उचलली.

मिस्त्रींना जमिनीपर्यंत वाकणं जमत नसे, म्हणून संध्याकाळी कॉक उघडणं खतीजाबीच्या वाट्याला आलं. फुस्स आवाज करत टाकी रिकामी व्हायची, दोन पळ्या तांबूस पाणी पडायचं आणि उताराने मोरीत जायचं. दिवस असे सरत गेले. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळाही. दम धरत, दोन मशिनींच्या मध्ये पडून घेत, पण मिस्त्री मिस्त्रीच राहिले. त्या तिरप्या पाईपाने त्यांना पुरं एक वर्ष दिलं, असं खतीजाबी पुढे म्हणायची.

जूनच्या तोंडावर कोमलची मशीन आली. कोमल घरीच शाळेचे गणवेश शिवायची आणि तिच्यामागे पोरांच्या आयांची घाई होती. मिस्त्रींनी दिवसभर बसून शटल बसवलं, टाक्याचं मापही जुळवलं. राहिली होती फक्त सफाई आणि तेल. संध्याकाळी खतीजाबी कॉककडे निघाली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"आज उघडू नको. उद्या दुपारपोतर लाईट न्हाई म्हणून राहिले. टाकी भरून ठिवलीय मी. सकाळच्याला कोमलची मशीन तेवढ्यातच होऊन जाईल."

"बरं."

पहाटे मिस्त्री नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करायला मोरीच्या दगडावर बसले. उजवा पाय धुतला, डावा राहिला. खतीजाबीने नळाचं पाणी उगाच वाहताना ऐकलं आणि ती धावली, तोवर सगळं झालं होतं.

सगळं गाव आलं. सोमेश्वरने खांदा दिला. हिंगोलीहून लेक आफिफा आली आणि राहिली. खतीजाबीची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस घरातच राहायचं होतं, परक्या पुरुषासमोर यायचं नव्हतं. चौथ्या दिवशी सोमेश्वर दाराबाहेरूनच आफिफाशी बोलून गेला.

"अम्मी, सोमेश्वरभाऊ म्हणून राहिले, टाकी रिकामी करा. आतून गंजंल."

"राहू दे."

"अगं पर काहून?"

"राहू दे म्हणलं ना."

ती रोज सकाळी शेडमध्ये जाऊन काटा बघायची. आठ. मग साडेसात. मग सात. जोड कितीही आवळले तरी हवा कुठून ना कुठून जातेच. घरात मिस्त्रींचा चष्मा होता, टोपी होती, खुंटीवरचा सदरा होता. ते कुठे जाणार नव्हतं. ही टाकी त्यांनी त्या संध्याकाळी भरली होती आणि ती तिच्या डोळ्यांदेखत संपत चालली होती. कॉकला हात लावायचा तिला धीर होत नव्हता. तेराव्या दिवशी काटा तिनावर होता.

त्याच दिवशी कोमल आली. खतीजाबीपुढे बसली.

"चाची, मी मशीन न्यायला आले न्हाई."

"मंग काहून आलीस?"

कोमलला रडू फुटलं. "सोमवारी शाळा उघडून राहिली. दुसऱ्याची मशीन मागून शिवते, पर ती बी घटकाभर भेटती. तुमी म्हणाल तवाच नेईन, चाची. खरंच."

आफिफा उठली. "थांब, मी मोटर चालू करते. साफ करू आपण."

"बटनाला हात लावू नको," खतीजाबी म्हणाली. आवाज इतका करडा होता की आफिफा जागीच थांबली.

खतीजाबी पुढच्या खोलीत गेली. कोमलची मशीन टेबलावर तशीच उघडी होती, शेजारी तेलाची बुधली. ती मिस्त्रींच्या स्टुलावर बसली. खिळ्यावरचा ओढणीचा तुकडा घेऊन तोंडाला बांधला. त्याला तेलाचा वास होता, आणि त्यांचा. टाकी त्यांनी कशासाठी भरली होती? कोमलच्या मशिनीसाठी. ते स्वतः सांगून गेले होते. तिने नळी शटलवर धरली आणि खटका दाबला.

लव उडाली. चाळीस वर्षं पाहिलेलं काम होतं, हात आपोआप चालले. चाक फिरव, पुन्हा दाब. दातांच्या फटीतून, सुईच्या दांड्याखालून कचरा निघत गेला. आवाज हळूहळू उतरत होता. मशीन स्वच्छ झाली तरी थोडी हवा उरली होती. तिने तेल घातलं, पट्टी बसवली, चिंधीवर टीप मारून पाहिली. टाके एकसारखे आले.

कोमलचा हात सवयीने चाकावर गेला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने चटका बसल्यासारखा तो मागे घेतला.

"ठेव हात," खतीजाबी म्हणाली.

तिने नळी सुईसमोर धरली आणि बिस्मिल्ला म्हणून खटका दाबला. आता जोर असा उरलाच नव्हता. सुईत ओवलेला धागा एवढासा हलला, थोडा वेळ हलत राहिला आणि थांबला.

"घे. त्यांचीच हाय ही," ती म्हणाली. "ने आता."

कोमल मशीन कडेवर घेऊन गेली. खतीजाबी मागे शेडमध्ये आली. काटा शून्यावर होता. ती गुडघे टेकून खाली बसली आणि तिने कॉक उघडला. आवाज झाला नाही. दोन पळ्या तांबूस पाणी पडलं आणि उताराने मोरीकडे गेलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथेच बसून होती. मग तिने कॉक घट्ट आवळून बंद केला.