नुसता लाईट

नवापूरच्या बसस्टँडमागे भरतचं दुकान आहे. पाटीवर आधी नुसतं 'व्हिडिओ शूटिंग' होतं, आता त्याखाली 'जुन्या कॅसेट पेन ड्राईव्हमध्ये भरून मिळतील' असं रंगवलंय. मोबाईल आले आणि गल्लीगल्लीत शूटिंगवाले झाले, तेव्हा भरतचा धंदा पार बसला होता. मग सुरतेहून एक जुना व्हीसीआर आणला, कॉम्प्युटरला जोडला, आणि माळ्यावर पडलेली लोकांची लग्नं एकेक करून त्याच्या दुकानात यायला लागली. काम तसं सोपं, पण वेळखाऊ. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात. बुरशी लागली असेल तर कापूस, स्पिरिट आणि माणसाचा धीर, तिन्ही लागतं.

त्या आठवड्यात ललितशेठच्या लग्नाच्या कॅसेट आल्या होत्या. ललितशेठ म्हणजे कोंबड्यांच्या फार्मवाले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून घरी जेवण ठेवलं होतं आणि पडद्यावर लग्न दाखवायचं होतं. शूटिंग तेव्हा भरतनंच केलेलं. त्यामुळे गडी मोठ्या हौसेनं बसला होता. "काय काम होतं राव आपलं!" असं दिवसातून चारदा स्वतःलाच म्हणायचा. स्वतःचं कौतुक करायला त्याला कधी दुसरा माणूस लागला नाही.

बुधवारी सकाळी दुकानात एक म्हातारा आणि त्याची नात आली. म्हाताऱ्याच्या अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. खांडबाऱ्याकडच्या एका डोंगरातल्या गावचा तो, नाव याकूब. ललितशेठच्या वडिलांच्या फार्मवर त्यानं आणि त्याच्या बायकोनं वीस वर्षं काम केलं होतं.

"ललितशेठला विचारून आलोय," याकूब म्हणाला. "ते बोलले, भरतभाऊकडे जा, पाहिजे ते भरून घे. आमची सोमीबाई, माझी बायको, आहे त्या कॅसेटमध्ये."

भरत म्हणाला, "असेल ना. सगळा गाव आहे त्यात."

"नुसती नाही, भाऊ. गाणं म्हटलंय तिनं. आमच्या बोलीतलं, लग्नाचं. तुमीच घेतलं होतं."

भरतचा माऊसवरचा हात तिथंच थांबला.

नात, प्रिस्किला, कॉलेजात शिकणारी. तिनं नीट सांगितलं. ती दोन वर्षांची असताना आजीला लकवा झाला आणि आजीची वाचाच गेली. पुढं घरात मोबाईल आले, फोटो झाले, व्हिडिओ झाले, पण सगळ्यांत आजी मुकी. गेल्या वर्षी ती वारली. "मला आजीचा आवाजच माहीत नाही, काका," ती म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये तिची वर्षाची प्रार्थना आहे. तिथं स्पीकरवर लावायचंय तिचं गाणं. पाहुण्यांना सांगून ठेवलंय आजोबांनी."

"बघतो," भरत म्हणाला. "कॅसेट जुनी आहे. शुक्रवारी या."

ती दोघं गेली आणि भरतनं शटर अर्धं खाली ओढलं. कारण ते गाणं कॅसेटमध्ये असणं शक्यच नव्हतं, आणि हे जगात त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

आता ही गोष्ट सांगताना मलाच कसंनुसं होतंय, पण सांगायला हवी. त्या काळी शूटिंगवाल्यांची एक युक्ती होती. कॅसेट मोजक्या, पाहुणे अमाप, आणि कॅमेरा दिसला की प्रत्येकाला त्यात यायचं असे. मग यजमान हळूच सांगायचा, अमक्यांवर कॅसेट वाया घालू नको. शूटिंगवाला कॅमेरा खांद्यावर तसाच ठेवायचा, रेकॉर्डिंगचं बटण बंद करायचा आणि हॅलोजनचा झगझगीत लाईट तेवढा तोंडावर मारायचा. कॅमेऱ्याच्या पुढच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी कायमच असायची, म्हणजे चालू आहे की बंद हे कळायचा प्रश्नच नाही. माणसं पदर सावरायची, केस नीट करायची, लेकरं पुढं करायची आणि खूश होऊन जेवायला जायची. याला म्हणायचे, नुसता लाईट मारणं.

ललितशेठच्या लग्नात फार्मवरची माणसं मांडवात आली, तेव्हा ललितशेठचे वडील, म्हातारे शेठ, भरतच्या कानाशी आले होते. "यांच्यावर कॅसेट नको बगाडू. नुसता लाईट मार." भरतनं मारला. एक बाई पुढं आली, म्हणाली, गाणं म्हणू का? भरत म्हणाला, म्हण ना मावशी. तिनं अख्खं गाणं म्हटलं. हॅलोजन धरणारा भिला हसू दाबत होता. त्याला आणखी हसवायचं म्हणून भरत म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा, जोरात." तिनं पुन्हा म्हटलं, जोरात. मग विचारलं, "आलं का त्यात?" भरत म्हणाला, "आलं, आलं, सगळं आलं." पंचवीस वर्षांत त्याला हे एकदाही आठवलं नव्हतं. आता एकेक शब्द आठवत होता.

तरी माणसाची आशा चिवट. चुकून बटण चालू राहिलं असेल, असं म्हणत त्यानं तिन्ही कॅसेट दुपारभर पळवत पळवत पाहिल्या. दुसऱ्या कॅसेटमध्ये फार्मवरची माणसं आली. पुढं ढोल, मागं बाया. सोमीबाई रांगेतून पुढं झाली, उजेडानं डोळे बारीक केले, पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला, तोंड उघडलं. आणि लगेच पडद्यावर आइस्क्रीमच्या प्लेटा. बटण दाबायला भरतला जरा उशीर झाला होता, तेवढीच ती त्यात आली होती. चार सेकंद.

घरी जेवताना त्यानं कोकिळाला, बायकोला, सगळं सांगितलं. आपल्या भावाचं लग्न आठवून तिनं अहिराणीत विचारलं,

"म्हणजे मन्हा भाऊना लगनमा बी तुम्हीन असंच करेल व्हतं का?"

"नही ना वं!"

"मंग त्यास्ले खरं सांगी द्या."

"कोनतं तोंड दखाडू?" भरत म्हणाला. कोकिळानं आपलं ताट उचललं आणि आत जाऊन जेवली.

शुक्रवारपर्यंत भरतनं थाप तयार ठेवली होती. ती दोघं आली, बसली, आणि त्यानं स्क्रीनकडे बघत सांगून टाकलं, "बाबा, कॅसेटला बुरशी लागलेली. नेमका तोच भाग गेला. लई प्रयत्न केला मी."

याकूबनं पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाला, "जाऊ द्या. माणूस नाही टिकलं, कॅसेट कुठून टिकणार? तुमचा काय दोष?" आणि पिशवीतून घरच्या तुरीच्या डाळीची पुडी काढून त्यानं टेबलावर ठेवली. "तुमच्यासाठी आणली होती. ठेवा."

"नको, बाबा."

"राहू द्या हो. सोमी असती तर तिनं पोतं दिलं असतं. तुमचं लई नाव घ्यायची ती. त्या लग्नात आमाला जो तो सांगे, इकडं बसा, तिकडं सरका, पाहुणे उठू द्या. तुमी एकटे, तिला मांडवाच्या मधोमध उभं केलं. लाईट लावला. पूर्ण गाणं ऐकलं आणि वरून म्हणाला, मावशी, पुन्हा एकदा म्हण. फार्मवर वर्षभर सांगत होती ती, शूटिंगवाल्या भाऊला माझं गाणं इतकं आवडलं. वाचा गेल्यावर काय करायची, टीव्ही लागला की टीव्हीकडे बोट दाखवायची, मग स्वतःकडे. मी त्यात आहे, असं. रोज."

भरतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाळीची पुडी समोर होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

प्रिस्किला म्हणाली, "काका, जेवढं राहिलंय तेवढं तरी दाखवा. खराब असलं तरी चालेल. तसंच नेऊ आम्ही."

नाही म्हणायला भरतजवळ काही कारण उरलं नाही. त्यानं लावलं. ढोल वाजला, बाया आल्या, सोमीबाई पुढं झाली. याकूब उभाच राहिला. "हीच! हीच बघ तुझी आजी! कशी ताठ उभी आहे बघ!" पडद्यावर सोमीबाईनं घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि आइस्क्रीम आलं.

"पुन्हा लावा, भाऊ."

भरतनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. घसा खाकरल्याचा तेवढा आवाज दुकानात होत होता. म्हातारा दर वेळी पुढं वाकायचा, आता गाईल, आता गाईल, असा.

प्रिस्किला मात्र आता पडद्याकडे बघत नव्हती. मोबाईलवर रोज व्हिडिओ कापणारी, जोडणारी पोरगी ती. तिनं हळूच विचारलं, "काका, आइस्क्रीम तर एकदम स्वच्छ दिसतंय. बुरशी कुठं आहे?"

भरतनं मागं घेऊन चित्र सोमीबाईवर थांबवलं. आणखी एक थाप मारता आली असती, जिभेवर आलीही होती. पण याकूब डोळे पुसत त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत अजून विश्वासच होता. तोच त्याला सोसवेना.

"बाबा," तो म्हणाला, "बुरशी नव्हती. मी कॅमेरा बंद केला होता."

"कधी?"

"ती गायला लागली तेव्हा."

याकूबला ते समजायला वेळ लागला. "दोनदा म्हणायला लावलं होतं तुमी. दुसऱ्यांदा चालू केला असेल."

"नाही, बाबा. दोन्ही वेळा बंदच होता."

बाहेर सुरतेच्या बसचा कंडक्टर ओरडत होता. प्रिस्किलानं आजोबांचा हात धरला. याकूबनं आवाज चढवला नाही. खरोखर कळत नाही म्हणून विचारावं, तसं त्यानं विचारलं.

"मग लाईट कशाला लावला होता?"

भरतनं मान खाली घातली. भिलाचं हसू, शेठचं कानात सांगणं, काळी चिकटपट्टी, सगळं सांगायचं तर किती सांगणार? जे सगळ्यात कमी वाईट होतं, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

याकूबनं पडद्याकडे पाहिलं. तिथं सोमीबाई थांबवलेली होती, डोक्यावर पदर, तोंड उघडं.

"वाटलं ना," तो म्हणाला. "मरेपर्यंत बरं वाटलं तिला."

मग नातीला म्हणाला, "घे गं तेवढंच भरून." आणि रविवारी पाहुण्यांना काय सांगायचं, ते स्वतःशीच पुटपुटत तो पायरीवर जाऊन बसला. भरतनं चार सेकंद पेन ड्राईव्हमध्ये भरले. डाळीची पुडी परत न्या असं म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण वर बघायची हिंमत होईपर्यंत ती दोघं बसस्टँडवर पोहोचली होती.