क्लावेला क्लावे

आरिस्तिसाबाल साहेब मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि मत बदलावं असं त्याने पुढे काही केलंही नाही. फोनवर अर्धं वाक्य बोलायचं, उरलेलं समोरच्याने ओळखायचं आणि चुकलं तर समोरचा गाढव, ही त्याची कामाची पद्धत. आमच्या मानिसालेस शहरातल्या निम्म्या इंजिनिअरांची तीच आहे म्हणा, पण बाकीचे निदान कॉफी तरी पाजतात.

ड्रेनेजच्या नकाशांसाठी सॉफ्टवेअरमध्ये नियम मी बसवले होते. पाइप रस्त्याखाली किती खोल हवा, उतार किती हवा, हे एकदा सांगून ठेवायचं. मग नकाशावर रेघ ओढली की खोली ते आपापली ठरवतं. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम होता मॅनहोलचा. लहान पाइप मोठ्याला मिळतो तिथे दोघांचे माथे एका पातळीत हवेत. पाइपाच्या आतल्या माथ्याला आमच्या धंद्यात क्लावे म्हणतात, म्हणून तो नियम ‘क्लावेला क्लावे’. उरलेल्या गावासाठी क्लावे म्हणजे पासवर्ड. फाइलला मी तोही घातला होता. तो मला ठाऊक होता आणि आमच्या ड्राफ्ट्समन रुबिएलला.

मी शेजारच्या पेरेइरा शहरातल्या साइटवर होते तेव्हा साहेबाला ती फाइल स्वतः उघडायची लहर आली. त्याने रुबिएलला फोन केला, “त्या नियमांची क्लावे काढून टाक,” आणि ठेवून दिला. रुबिएलच्या मिशा पाइप काढता काढता पांढऱ्या झाल्या. त्याला क्लावेचा एकच अर्थ सुचतो. त्याने माथ्याचा नियम पुसला. साहेबाची लहर तोवर ओसरली होती, त्याने फाइल उघडलीच नाही.

परत येऊन मी बघते तो बाहो ग्वामाल वस्तीचा सगळा नकाशा हिरवागार. कुठे एक इशारा नाही. नियमच नसेल तर मोडणार काय? प्रत्येक मॅनहोलात लहान पाइप मोठ्याच्या तळाशी तळ लावून बसला होता. पावसात मोठा पाइप भरला की पाणी लहानात उलटं शिरणार आणि उताराच्या टोकाच्या घरांत मोरीतून वर येणार. त्यातलं शेवटचं घर माझ्या बहिणीचं, नुबियाचं. तळमजल्यावर तिची शिवणयंत्रं आहेत, शाळांचे गणवेश शिवून ती घर चालवते. जुन्या लाइनीचं पाणी दोनदा तिच्या कापडांवर चढलं, म्हणून तर गल्लीने मागे लागून नवी लाइन मंजूर करून घेतली होती.

मी साहेबाच्या टेबलावर नकाशा आपटला. “हे असं बांधलंत तर घाण लोकांच्या घरात येईल, माझ्या बहिणीच्याही.”

“सॉफ्टवेअर काय म्हणतंय?” त्याने मानही वर केली नाही.

“त्याला विचारायचा प्रश्नच पुसलाय. तुम्ही क्लावे काढायला सांगितलीत.”

“मला पासवर्ड म्हणायचं होतं! तुमच्या त्या म्हाताऱ्याला भाषा कळत नाही? सोमवारपासून येऊ नको म्हणावं.”

“त्याला काढा नाहीतर ठेवा, आधी मोठा पाइप फूटभर खाली घ्या.”

“खाली खडक आहे बाई. ओढ्यापर्यंत फोडत जाऊ? उद्या पाणी कंपनीपुढे सादर करायचंय.” मग तो हसला. “बहिणीच्या मोरीची एवढी काळजी असेल तर बूच पाठवा तिला. आणि उद्या मीटिंगला तुम्ही नका येऊ. तुमचं तोंड बघून दूध नासेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जागेवर जाऊन नियम परत घातला, सगळं जाळं त्याच्यातून पुन्हा काढलं, मोठा पाइप होता तिथून खाली उतरला. मग फाइलला नवा पासवर्ड लावला. जुने छापील नकाशे साहेबाच्या बॅगेत होते, ते राहू दिले.

दुसऱ्या दिवशी मी नुबियाकडे गेले. मोरीच्या भोकात तिने चिंध्यांचा बोळा कोंबून वर वीट ठेवली होती. माझ्यापुढे आग्वापानेलाचा, गुळाच्या पाण्याचा, पेला ठेवत ती म्हणाली, “ताई, नवी लाइन आली की ही वीट तुझ्या साहेबाला भेट देते.” तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होता, आणि आवाज घुमत होता म्हणजे स्पीकरवर.

“मार्लेनी, फाइल उघडत नाहीये. इथे पाणी कंपनीच्या सोराइदा मॅडम बसल्यात, त्यांना कागद नको, फाइल बघायचीय. क्लावे काय आहे?”

“क्लावेला क्लावे,” मी म्हटलं.

“चेष्टा करायची ही वेळ आहे का? पासवर्ड सांग!”

“तेच सांगतेय. क्लावेला क्लावे. सलग लिहा.”

पलीकडे एक बाई हसली. मग बटणांचा आवाज आला. “उघडली की,” सोराइदाबाई म्हणाल्या. “पण इथे मोठा पाइप खाली आहे आणि तुमच्या कागदावर वर. यातलं खरं कुठलं, इंजिनिअर?”

“ड्राफ्ट्समनने घोळ घातला, मॅडम. त्याला मी काढतोय.”

“रुबिएलने तुमचा शब्द पाळला, साहेब,” मी जवळजवळ ओरडलेच. “तुम्ही म्हणालात क्लावे काढ, त्याने माथ्याचा नियम काढला. काल मी ओरडून सांगितलं, तर तुम्ही माझ्या बहिणीला बूच पाठवायला सांगितलंत.”

पलीकडे कागद गुंडाळल्याचा आवाज आला. मग सोराइदाबाई शांतपणे म्हणाल्या, “हे कागद परत न्या. फाइलीतली लाइन मी पुढे पाठवते. खडकाचं तुम्ही बघा.”

खुर्ची सरकली. साहेबाने स्पीकर बंद केला असावा, कारण आता तो अगदी कानाशी बोलत होता. “मार्लेनी, तुझी नोकरी गेली.”

नुबिया माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. एक पाय मोरीवरच्या त्या विटेवर.

“गेली तर गेली,” मी म्हटलं. “क्लावे तेवढी काढू नका.”