पवना, उतरेपर्यंत

चाकणच्या चौकातली कोंडी ज्यानं कधी पाहिली नाही, त्याला हेलिकॉप्टरची अँब्युलन्स म्हणजे बड्या लोकांची चैन वाटेल. विजयश्रीला ती तशी कधीच वाटली नाही. चिंचवडच्या एका हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर, गच्चीवरच्या हेलिपॅडला लागून एक खोली होती. तिथं बसून ती उड्डाणांची सगळी व्यवस्था बघायची. उडवायचं पायलटनं, रुग्णाला सांभाळायचं डॉक्टरांनी, आणि या दोघांना आकाशात शिरू देण्याची परवानगी मिळवायची ती विजयश्रीनं.

कारण वरचं आकाश वाटतं तेवढं मोकळं नसतं. पुण्याच्या डोक्यावरचं तर हवाई दलाच्या ताब्यातलं. तिथं शिरणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. रेडिओवर हाक मारायला एक नाव, आणि रडारच्या पडद्यावर ओळख पटायला चार आकडी कोड. नाव तोंडानं उच्चारायचं असतं, ते सगळ्यांना ऐकू जातं. कोड पायलट समोरच्या यंत्रावर लावतो आणि तो मुकाट्यानं हवाई दलाच्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर उमटतो. आजवर दर उड्डाणाला ही दोन्ही नव्यानं मागावी लागत. त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. खाली कुणीतरी श्वासासाठी धडपडत असायचं आणि विजयश्री फोन कानाला लावून लढाऊ विमानांचा सराव संपायची वाट बघायची. कंट्रोलवाल्यांचाही इलाज नसायचा. तेव्हा कायमचं एक नाव आणि कायमचा एक कोड पदरात पाडून घ्यायचा, असं तिनं ठरवलं आणि सहा महिने कागदी घोडे नाचवले.

हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर जयसिंगराव यांनी त्यातही एक घोळ घातलाच. त्यांना कोड हवा होता शून्य-एक-शून्य-आठ. "एकशे आठ म्हटलं की महाराष्ट्रातल्या पोराला कळतं, अँब्युलन्स आली," असं त्यांचं म्हणणं. त्या यंत्रात शून्य ते सात एवढेच आकडे असतात, आठ आणि नऊ नसतातच, हे त्यांना पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले. "एवढं महागाचं यंत्र आणि आठ नाही?" डॉक्टर शेवटपर्यंत कुरकुरतच राहिले.

अखेर एका सकाळी कंट्रोलमधल्या अधिकाऱ्यांनी तिला बैठकीला बोलावलं. बुद्धरत्न त्यांचं नाव. मूळचे पिंपरीचेच, वडील कारखान्यात फिटर होते. माणूस हळू बोलायचा आणि प्रत्येक शब्द तोलून बोलायचा. टेबलावर कराराचा मसुदा होता आणि त्यात दोन ओळींचा तक्ता. रुग्ण आत असेल तर नाव 'पवना', कोड ४१०१, आणि आकाशात सगळ्यांच्या आधी वाट. रुग्ण नसेल तर नाव 'भामा', कोड ४१०२, आणि वाट आपला नंबर लागेल तेव्हा. विजयश्रीनं आधी 'इंद्रायणी' सुचवलं होतं, पण रेडिओवर ते लांबलचक पडलं असतं. या दोन नद्या तशा आटोपशीर होत्या.

सगळं जुळत आलं होतं. मग तिनं सहावं कलम वाचलं आणि तिची सही करायला निघालेली लेखणी थांबली. 'उड्डाणादरम्यान रुग्ण मृत झाल्यास हेलिकॉप्टरने तात्काळ भामा हे नाव व ४१०२ हा कोड धारण करावा.'

"सर, हे कलम मला मान्य नाही," ती म्हणाली.

बुद्धरत्न चकित झाले नाहीत. "का ते सांगा."

"पायलट रेडिओवर भामा म्हणेल. कंट्रोल भामा म्हणेल. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस असतं, त्याच्या कानाला हेडसेट असतो. इतका वेळ पवना आणि मधेच भामा, हे त्याला ऐकू जाणार."

"मग नातेवाइकाचा हेडसेट काढून घ्यायचा."

"काढून घेतला की त्यावरूनच कळेल."

"मॅडम, पवना म्हटलं की मी बाकीची विमानं थांबवतो. दीडशे-दोनशे माणसं हवेत घिरट्या घालतात. कदाचित त्यांच्यातच कुणीतरी आजारी असेल. जिवंत माणसासाठी मी हे करीन, हजार वेळा करीन. पण गेलेल्यासाठी कसं करू? आणि मला खरं काय ते कळलंच पाहिजे. रडारवर खोटं चालत नाही."

माणसाचं बोलणं चुकीचं नव्हतं. तेच तर तिला लागलं. तीन वर्षांपूर्वी जो ड्रायव्हर होता, त्याचंही काही चुकलं नव्हतं.

ती गोष्ट विजयश्रीनं कधी कुणाला सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. आज एका परक्या माणसासमोर, कराराच्या कलमावर बोलता बोलता, ती सांगून बसली. तिचा धाकटा भाऊ ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होता. प्रेसचा लोखंडी साचा उतरवताना साखळी तुटली आणि तो साचा त्याच्या छातीवर आला. अँब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर घरचं असं ती एकटीच होती. चौकात गाडी अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये सायरन बोंबलतोय आणि कुणाला बाजूला व्हायला वीतभर जागा नाही. ज्ञानेशचा हात तिच्या हातात होता. मधेच अँब्युलन्सवरच्या मदतनिसानं त्याच्या मानेला बोटं लावून पाहिली आणि पुढच्या काचेवर दोनदा टकटक केलं. ड्रायव्हरनं सायरन बंद केला.

"कुणी काही बोललं नाही, सर. नुसता सायरन बंद झाला. मला कळलं आणि मी त्याचा हात सोडला. का सोडला ते मला आजतागायत कळलेलं नाही. हॉस्पिटल यायला अजून अर्धा तास होता. तेवढा वेळ धरून बसले असते तर कुणाचं काय जात होतं? पण सायरन थांबला आणि मला वाटलं, आता संपलं, आता धरायचं नसतं."

बुद्धरत्नांनी चष्मा काढून पुसला. ते नुसते तक्त्याकडे बघत राहिले.

"मला खरं कळायला हवं, एवढंच माझं म्हणणं," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हाला कळू द्या. रुग्णाशेजारी बसलेल्या बाईला त्या घटकेला, त्या पद्धतीनं कळू देऊ नका. डॉक्टर सांगतील ना खाली उतरल्यावर, माणसानं माणसाला सांगावं तसं."

बोलता बोलता तिची नजरही तक्त्यावर गेली. नावांचा रकाना वेगळा, कोडचा वेगळा. नाव ऐकू येतं. कोड ऐकू येत नाही. सहा महिने ती हा तक्ता उराशी धरून हिंडत होती आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिनं पेनानं खाली तिसरी ओळ आखली. नावाच्या रकान्यात लिहिलं, पवना. कोडच्या रकान्यात, ४१०२.

बुद्धरत्नांनी कागद आपल्याकडे ओढला. "म्हणजे डॉक्टरांच्या खुणेवर पायलट नुसता कोड बदलेल आणि मला समजेल. मग मी बाकीच्यांना वाट मोकळी करीन. तुमचं हेलिकॉप्टर थोडं वळसा घालून येईल."

"येऊ द्या."

"आणि नाव तेच राहील."

"तेच."

"इथं काय लिहायचं?" त्यांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. पहिल्या ओळीत 'रुग्ण आत' होतं, दुसरीत 'रुग्ण नाही'. तिसऱ्या ओळीतल्या माणसाला काय म्हणायचं, हे दोघांनाही सुचेना. मग विजयश्रीनं लिहिलं, 'उतरेपर्यंत'. वरच्या साहेबांना असली कविता खपणार नाही असं बुद्धरत्न म्हणाले खरे, पण पंधरा दिवसांनी करार सही होऊन आला तेव्हा तो शब्द तसाच होता. कुणाशी किती भांडावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढचे दोन महिने तिसऱ्या ओळीची गरज पडली नाही. पवना अकरा वेळा उडाली आणि अकरा माणसं जिवंत उतरली. एवढं यश पाहून जयसिंगराव आठचा आकडा विसरले. विजयश्री मात्र रोज कामावर आली की एकदा तो कागद बघायची.

बारावी खेप एका मंगळवारी आली, सकाळी अकराच्या सुमारास. भामा-आसखेडच्या धरणाकडच्या एका गावात कोंडीराम नावाचे सत्तरीचे गृहस्थ गोठ्यात छाती धरून कोसळले होते. शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं, त्यांना घेतलं, आणि त्यांची बायको चिमाबाई नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून शेजारी बसली. पायलटनं ४१०१ लावला. विजयश्रीनं आपल्या खोलीतला रेडिओ मोठा केला. पलीकडून बुद्धरत्नांचाच आवाज आला. हे बोलणं सगळं इंग्रजीत चालतं, त्यात मराठी शब्द काय तो एकच. पवना, सरळ या. पवना, तुमच्यासाठी वाट मोकळी आहे. उतरायला निघालेलं एक प्रवासी विमान त्यांनी बाजूला घिरट्या घालायला लावलं.

तिच्या समोरच्या पडद्यावर हेलिकॉप्टरचा हिरवा ठिपका चाकणकडे सरकत होता आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ४१०१. खाली त्या चौकात त्याही क्षणी कंटेनरला कंटेनर लागलेले असणार. ठिपका चौकावरून पुढे गेला. इंद्रायणी यायच्या आधी शेवटचा आकडा बदलला. एकाचा दोन झाला.

विजयश्रीचे हात टेबलावर होते ते तिथंच राहिले. रेडिओवर काहीच आलं नाही. कंट्रोलनं पाहिलंय की नाही, तिला कळेना. सवयीनं तोंडातून भामा निघालं तर? माणूसच आहे शेवटी, दिवसभर शंभर नावं घेणारा.

मग बुद्धरत्नांनी प्रवासी विमानाला उतरायची परवानगी दिली. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. आणि लगेच, आधीच्याच आवाजात, ना वर ना खाली, ते म्हणाले, "पवना, थोडं डावीकडून या. पवना, तुम्ही मला दिसताय."

वळशाची तीन मिनिटं गेली. त्या तीन मिनिटांत त्यांनी पाच वेळा ते नाव घेतलं. एवढ्या वेळा घेण्याची काही गरज नव्हती, हे विजयश्रीला चांगलं ठाऊक होतं.

ती गच्चीवर आली तेव्हा पंख्याची पाती थांबत आली होती. स्ट्रेचर खाली घेतलं होतं. डॉक्टर चिमाबाईंसमोर वाकून त्यांना सांगत होते आणि चिमाबाई मान हलवून ऐकत होत्या. त्यांचा एक हात स्ट्रेचरवर होता. विजयश्री जवळ गेली.

"आजी, बसता का जरा?"

"न्हाई बाय, बरी हाय मी." चिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "डाक्टर आता सांगत्यात, पन मला तवाच कळलं व्हतं. चाकणच्या वर व्हतो. ह्यांचा हात गार पडला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्या कानातल्या यंत्रात कुनीतरी विंग्रजी बोलत व्हतं. एक अक्षर समजलं न्हाई. पन सारखं पवना, पवना म्हनत व्हतं. माझं म्हायेर पवनेच्या काठचं, बाय. मला वाटलं, हे लोक अजून हाका मारत्यात, तर आपुन कशाला हात सोडायचा? म्हनून म्या सोडला न्हाई."

विजयश्रीनं खाली पाहिलं. गोठ्यातल्या शेणानं माखलेली कोंडीरामांची बोटं म्हातारीच्या मुठीत होती. आत खोलीत फोन वाजत होता. कंट्रोलचाच असणार तो, पवना उतरली का एवढंच विचारायला, आणि मग नाव बदलून भामा करायचं होतं. तिनं तो वाजू दिला.

ती स्ट्रेचरच्या पलीकडच्या बाजूला गेली. ज्याला तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्या माणसाचा दुसरा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि लिफ्ट येईपर्यंत धरून ठेवला.