गंगूचं कडवं

या, जरा पुढे सरका. कारखान्यातून थेट आलात, ठाऊक आहे. पाय मोकळे करून बसा. ओमानला आधी आलोय, पण सोहारला पहिल्यांदाच गातोय. गाण्याआधी एक गोष्ट सांगतो. खरी आहे, आणि माझ्या लाजेची आहे.

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. आई वीटभट्टीवर राबायची. मी वाढलो शेजारच्या गंगुबाईच्या चुलीपाशी. ती शाळा झाडायची. अक्षर येत नव्हतं, पण झाडता झाडता बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी रचायची. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायची. "सद्या, लिहून घे रं. सांजच्याला मीच इसरंल." शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, तसं तिचं यायचं: "गंगू म्हणे, वात जपा."

पहिली कॅसेट निघाली तेव्हा तिथे मी "सदानंद म्हणे" घातलं. चालीत बसेना, म्हणून ओढून-ताणून बसवलं. लोकांना ती तान वाटली! त्याच तानेवर माझं नाव झालं. गंगुबाई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होतो.

गेल्या वर्षी भीमजयंतीला मस्कतला बोलावलं. तिथल्या वादी कबीर भागातला हॉल भरलेला. माझ्या आधी यजमान प्रफुल्ल इंजिनिअरची आठ वर्षांची मुलगी, मैत्री, माईकवर आली. तेच गाणं, शब्द अडखळत, पण सूर पक्का. शेवटी म्हणाली, "गंगू म्हणे, वात जपा."

हॉल हसला. प्रफुल्ल खालूनच ओरडला, "अगं, सदानंद म्हणे! सर समोर बसलेत!"

"नो पप्पा, आजीने गंगूच शिकवलं. आजी सरांच्याच गावची आहे ना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एक शब्द पुरे होता. मी हसलो. "लहान आहे, चुकली. होतं असं."

लेकरू मान खाली घालून स्टेजवरून उतरलं. मग मी गायलो. तानेला टाळ्या पडल्या.

सकाळी मस्कतजवळ माबेलाला, प्रफुल्लच्या घरी, पोह्यांची बशी बाजूला ठेवून मैत्रीला म्हणालो, "बाळा, तूच बरोबर होतीस. गाणं गंगुबाईचं."

"मग काल सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

प्रफुल्लने कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तो हॉल पुन्हा कुठून गोळा करू? म्हणून जिथे बसतो तिथे आधी हे सांगतो. आता गातो. शेवटी ती तान येणार नाही, वाट बघू नका. तिथे गंगुबाईची आठवण काढा. आणि मैत्रीचीही. ती चुकली नव्हती.